व्हायब्रेनियम कुणाच्या अंगणात?

परवा डहाणू लोकलमध्ये ‘ड्यून’ दुसऱ्यांदा बघितला. चर्चगेट ते डहाणू हा प्रवास तसाही एका लांबलचक पिक्चरच्या मापाचाच आहे. विरारच्या पुढे गर्दी ओसरली, वैतरणेच्या पुलावर नेटवर्क गेलं (डाउनलोड करून ठेवला होता म्हणून वाचले) आणि नेमका तो सीन आला. स्टिल्गर नावाचा फ्रेमेन टोळीचा म्होरक्या ड्यूकच्या दरबारात येतो आणि त्याच्यासमोर टेबलावर थुंकतो. सगळ्यांचे हात शस्त्रांकडे जातात. मग एक जण सांगतो, थांबा, त्याने आपल्या अंगातलं पाणी तुम्हाला भेट दिलंय. त्या वाळवंटात याहून मोठा मान नाही.

माझ्या शेजारी एक मावशी रिकामी टोपली पायाशी ठेवून बसली होती. सकाळी मुंबईत भाजी विकून परत चाललेली. केव्हापासून ती माझ्याच स्क्रीनमध्ये बघत होती.

“थुकला का तो?”

“हो मावशी.”

“मंग मारला नाय त्याला?”

“तिकडे पाणी नाही ना. म्हणून थुंकी म्हणजे मोठी भेट समजतात.”

मावशीने जरा विचार केला. “पानी तं आमच्याकडं पन नाय. पन आमी नाय थुकत कोनावर.”

मी एवढ्या मोठ्याने हसले की समोरच्या सीटवरचे काका जागे झाले. पण घरी पोचेपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. एका ओळीत मावशीने ‘ड्यून’चा रिव्ह्यू केला होता.

आपल्या पिढीला सायन्स फिक्शन आणि फँटसीतल्या दुर्मीळ वस्तूंची यादी तोंडपाठ असते. वुल्व्हरिनच्या हाडांवरचं ॲडमँटियम, सुपरमॅनला लोळवणारं क्रिप्टोनाइट, फ्रोडोचा जीव वाचवणारा मिथ्रिलचा सदरा, मँडलोरियनचं बेस्कार, आणि अर्थात कॅप्टन अमेरिकेच्या ढालीतलं व्हायब्रेनियम. कुठला धातू जास्त कडक, यावर हॉस्टेलमध्ये रात्री दोन वाजेपर्यंत भांडणं झालेली मी पाहिलीत. (व्हायब्रेनियम की ॲडमँटियम हा वाद मिटलेला नाही आणि मिटूही नये.) माझं म्हणणं मात्र जरा वेगळं आहे. धातू किती कडक आहे याने गोष्टीला फारसा फरक पडत नाही. तो कुणाच्या पायाखालून निघतो, याने पडतो. आणि हा प्रश्न विचारायला डहाणू-तलासरीइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. तरी या दोन तालुक्यांत घडणारी एकही विज्ञानकथा मी आजवर वाचलेली नाही. वाकांडा आम्हाला पाठ, धुंदलवाडी नाही. याचा मला खरंच राग येतो.

‘अवतार’पासून सुरुवात करू, कारण तो सगळ्यांनी बघितलाय. २००९ साली आलेल्या त्या पिक्चरमध्ये माणसं पँडोरावर कशासाठी गेलेली असतात? तर ‘अनऑब्टेनियम’साठी. हा शब्द जेम्स कॅमेरॉनचा नाही. अमेरिकेतल्या विमानं बनवणाऱ्या इंजिनिअरांचा तो जुना विनोद आहे. जो पदार्थ मिळाला असता तर आमचं डिझाइन परफेक्ट झालं असतं, पण जो जगात नाहीच, तो म्हणजे अनऑब्टेनियम. थोडक्यात, ‘न-मिळे-धातू’. कंपनीचा साहेब त्याचा खडा हातात धरून सांगतो, किलोला दोन कोटी. बस्स. तो नक्की कशाला लागतो, हे पिक्चर आपल्याला सांगतच नाही. थिएटरमध्ये तेव्हा याच गोष्टीवर खूप जण हसले, लेखकाचा आळस म्हणून टीकाही झाली. मला विचाराल तर त्या आळसातच खरेपणा आहे. ज्याच्या पायाखालून वस्तू काढायची असते, त्याला ती कशाला लागते हे कोण सांगत बसतं? भाव फक्त आपसात बोलायचा असतो.

दुसरा भाग २०२२ मध्ये आला. त्यात अनऑब्टेनियम गायबच झालं आणि नवीन वस्तू आली. तिचं नाव चक्क ‘अम्रिता’. आपलंच अमृत! पँडोराच्या समुद्रात तुल्कून नावाचे व्हेलसारखे प्राणी असतात, त्यांच्या मेंदूतून हा द्रव काढतात. तो घेतला की माणसाचं म्हातारं होणं थांबतं. शिकारी तेवढी बाटली भरून घेतात आणि बाकीचा अख्खा प्राणी समुद्रात सोडून देतात. थिएटरमध्ये माझ्या बाजूला डहाणूचाच एक मित्र होता, घरची होडी असलेला. तो कानात म्हणाला, “अगं, हा तर घोळीचा बोत.”

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घोळ हा आमच्या किनाऱ्यावरचा मोठा मासा. त्याच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिला मच्छीमार ‘बोत’ म्हणतात. मासा खायला चांगला आहेच, पण खरा भाव आहे तो या पिशवीला. ती वाळवून हाँगकाँग, सिंगापूरकडे जाते. तिकडे तिचं सूप होतं, औषधं होतात, आणि ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे टाके तिच्यापासून बनतात असंही सांगतात. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका बोटीला एकाच फेरीत १५७ घोळी सापडल्या आणि त्या लिलावात सुमारे १ कोटी ३३ लाखांना गेल्या. तेव्हा सगळ्या चॅनेल्सनी ‘समुद्राचं सोनं’ म्हणून बातम्या केल्या. मच्छीमार रातोरात करोडपती, वगैरे. बातमीत एक गोष्ट फारशी नव्हती. घोळ एवढी दुर्मीळ का झाली? आमच्याकडचे म्हातारे मच्छीमार सांगतात की पूर्वी ती नेहमीच्या जाळ्यात यायची. आता तिच्यासाठी लांब आत जावं लागतं आणि तरी नशिबावर असतं. म्हणजे काही वस्तू दुर्मीळ असतात, आणि काही दुर्मीळ होतात. सायन्स फिक्शनला पहिल्या प्रकारच्या वस्तू फार आवडतात. दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंवर गोष्टी लिहायला हव्यात, कारण त्यात कुणीतरी काहीतरी केलेलं असतं.

आता कुणीतरी म्हणेल, हे सगळं हॉलिवूडचं खूळ आहे, आपल्याकडे कुठे असलं काही? आपल्याकडे तर याची सर्वात जुनी गोष्ट आहे. दर गणपतीत ती घराघरांत सांगतात, फक्त आपण ती या कानाने ऐकत नाही. स्यमंतक मणी.

गोष्ट अशी. सूर्याने सत्राजिताला स्यमंतक दिला. हा मणी रोज आठ भार सोनं देतो. म्हणजे अनऑब्टेनियम, व्हायब्रेनियम सगळे झक मारतात. सत्राजिताचा भाऊ प्रसेन तो गळ्यात घालून शिकारीला जातो. सिंह त्याला मारतो. सिंहाला जांबुवंत मारतो आणि मणी आपल्या गुहेत घेऊन जातो. इकडे द्वारकेत आळ येतो कृष्णावर, की यानेच मणी चोरला. (चतुर्थीचा चंद्र बघायचा नाही, ते यामुळेच.) आळ पुसायला कृष्ण माग काढत गुहेत जातो. तिथे काय दिसतं? जांबुवंताने तो मणी आपल्या पोराला खेळायला दिलेला असतो.

इथे मी लहानपणापासून अडकते. रोज आठ भार सोनं देणारी वस्तू, जिच्यासाठी अख्खी द्वारका हादरलीय, ती रानातल्या एका घरात खुळखुळा झालेली आहे. जांबुवंताला कळत नाही असं नाही. त्याला सोन्याचं करायचंच काय? मग अठ्ठावीस दिवस द्वंद्व होतं, जांबुवंत हरतो, समोर कोण आहे हे ओळखतो, मणी देतो आणि मुलगी जांबवतीही देतो. कृष्ण मणी सत्राजिताला परत करतो, आळ दूर होतो, गोष्ट संपते. मणी मालकाकडे गेला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. ज्या पोराच्या हातातून खेळणं गेलं, त्याचं पुढे काय झालं ते कुणीच सांगत नाही. आजीला मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “त्याला दुसरं खेळणं दिलं असेल.” असेलही. पण गेली हजारो वर्षं आपण ही गोष्ट द्वारकेतून सांगतोय. एकदा गुहेतून सांगून बघायला काय हरकत आहे? मराठीतल्या कुठल्याही होतकरू लेखकाने हा प्लॉट माझ्याकडून फुकट घ्यावा.

बरं, दुर्मीळ वस्तू चकचकीतच असली पाहिजे असंही नाही. ‘ड्यून’मधला मसाला म्हणजे वाळूत सांडलेली दालचिनीच्या वासाची पूड. फ्रँक हर्बर्टने १९६५ साली कादंबरी लिहिली तेव्हा त्याच्या डोक्यात तेल होतं असं बहुतेक जण मानतात. मसाला नसेल तर ग्रहाग्रहांमधली वाहतूकच बंद. म्हणून सगळं साम्राज्य एका वाळवंटासाठी भांडतं. आणि डहाणू-तलासरीचा मसाला काय होता माहितीये? गवत.

मस्करी नाही. शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईला दूध लागायचं, दुधासाठी तबेले होते, तबेल्यांना वैरण लागायची, आणि ती वैरण आमच्या डोंगरउतारांवर उगवायची. गवताचे भारे रेल्वेने मुंबईला जायचे. जमीन आणि गवत सावकार-जमीनदारांच्या नावावर, ते कापणारे हात वारल्यांचे, आणि मजुरी जवळजवळ नाहीच, कारण वेठ. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं सावकाराचे गुलाम. त्यांना ‘लग्नगडी’च म्हणायचे. मे १९४५ मध्ये आताच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारली जमले आणि वेठ बंद करायचं ठरलं. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता, ऐन गवतकापणीच्या हंगामात, मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, पाच जण मेले. जेठ्या गांगड त्यांतला एक. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सगळं आहे. १९७० चं पुस्तक, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं, आणि माझ्या कॉलेजच्या लायब्ररीत कार्डावर माझ्याआधीची शेवटची एंट्री सात वर्षांपूर्वीची होती. फ्रेमेन लोकांचं बंड बघायला आम्ही आयमॅक्सचं तिकीट काढतो, आणि हे कपाटात धूळ खातं. ज्यांना वाटतं की सायन्स फिक्शनमधली बंडं लेखकांनी हवेतून काढली, त्यांनी ते पुस्तक एकदा वाचावं. पॉल अट्रायडिससारखा कुणी तारणहार नसतो त्यात, हा मोठा फरक. गोदूताई बाहेरून आल्या, पण पुस्तकाचं नावच सांगतं की जागा कोण होतो.

२०१८ चा फेब्रुवारी आठवा. ‘ब्लॅक पँथर’ आला. वाकांडा हा बाहेरून गरीब शेतकऱ्यांचा देश, आतून व्हायब्रेनियमच्या डोंगरावर बसलेला. त्यांनी तो धातू जगापासून लपवून ठेवला म्हणून ते वाचले. मी तेव्हा शाळेत होते, वेड लागायची वेळ आली होती. पुढच्याच महिन्यात, ६ मार्चला, नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. त्यात नाशिकचे आदिवासी होते, तसे ठाणे-पालघरचेही होते. सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला ते मुंबईत आले. सोललेल्या तळपायांचे ते फोटो आठवत असतील. या माणसांची सर्वात जुनी मागणी काय? २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे पिढ्यान्पिढ्या कसत असलेल्या जमिनीचा पट्टा. म्हणजे एक कागद. आमच्याकडचा सर्वात दुर्मीळ पदार्थ कुठला असं मला कुणी विचारलं, तर मी हाच सांगेन. त्याला कुठल्याही डोंगरातून खणून काढता येत नाही. तो दाव्याबरोबर वर जातो, त्रुटी काढून खाली येतो, परत वर जातो. आणि वाकांडाच्या अगदी उलट गंमत बघा. त्यांच्याकडे जे होतं ते लपवल्यामुळे ते तरले. इथे मात्र तुम्ही आहात, कसताय, तुमचा आजा इथेच कसत होता, हे उघड सिद्ध करत बसावं लागतं. लपवायला काही नाही, दाखवायला कागद नाही.

आता वाढवणवर येते, कारण डहाणूवर लिहून वाढवण टाळलं तर घरी कुणी जेवायला वाढणार नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘वाढवण म्हणजे पँडोरा’ अशी मीम्स फिरतात. मला ती आवडत नाहीत. विरोध आवडत नाही म्हणून नाही, तुलना आळशी आहे म्हणून. ‘अवतार’मध्ये तीन तासांत कुणाची बाजू घ्यायची ते पंधराव्या मिनिटाला कळतं. डहाणू १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून १९९६ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवणचं बंदर होऊ दिलं नाही. पुढे बंदर नव्या रूपात परत आलं, आणि जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने, आता नव्या सदस्यांसह, त्याला ना हरकत दिली. जून २०२४ मध्ये ७६ हजार २२० कोटींच्या प्रकल्पाला केंद्राची मंजुरी, ३० ऑगस्टला भूमिपूजन. समुद्रात भराव घालून तयार होणारी जमीन १४४८ हेक्टर. मच्छीमार या पट्ट्याला ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात, मासे तिथे अंडी घालतात म्हणून. माझ्या वर्गातला त्या बाजूचा एक मुलगा रोज विरोधाच्या पोस्ट टाकतो. त्याच्या सख्ख्या चुलतभावाने बंदरात नोकरी लागेल म्हणून कोर्स लावलाय. दोघं एकाच घरात जेवतात.

यात कुणाला निळा रंग फासायचा, सांगा? आणि म्हणूनच मला वाटतं की गोष्ट लिहायला पँडोरापेक्षा वाढवण कितीतरी अवघड, कितीतरी चांगलं आहे. पँडोरावर जनसुनावणी नव्हती. अर्राकिसवर हरकती नोंदवायला तीस दिवसांची मुदत नव्हती. इथे हजार पानांचा इंग्रजी अहवाल येतो, त्याचा मराठी सारांश येतो, मांडव पडतो, बंदोबस्त लागतो, माइक फिरतो. एका बाजूला आकडे, दुसऱ्या बाजूला ‘आमची आई आहे ती’ असं समुद्राबद्दल बोलणारी बाई. या दोन भाषा एकमेकींना कळत नाहीत. दोन परग्रहांवरचे जीव पहिल्यांदा भेटतात तेव्हा काय होतं, हा तर विज्ञानकथेचा लाडका विषय. मला माझी बाजू विचाराल तर मी मच्छीमारांकडे झुकते. पण ती बाजू मला पिक्चरमुळे मिळालेली नाही, बाजारात मासळी विकणाऱ्या बायकांच्या टोपल्या वर्षागणिक हलक्या होताना बघून मिळालीय. नोकरीची वाट बघणाऱ्या त्या चुलतभावाला खलनायक करणारी गोष्ट कुणी लिहिली, तर ती मी अर्ध्यातच सोडेन.

आणि पाणी. मावशीचं पाणी. मणी सूर्याने दिलेला, आणि आमच्या नदीचं नावही सूर्या. तिच्यावर धामणीला धरण आहे, मुळात जिल्ह्यातल्या शेतीसाठी बांधलेलं. आता सूर्या प्रादेशिक योजनेत रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी शहरांसाठी ठरलंय: १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. मी स्वतः कॉलेजमुळे आठवड्याचे पाच दिवस मीरा रोडला राहते. म्हणजे या पाण्याची वाटेकरी मीही आहे. उगाच साळसूदपणा नको. तिकडच्या बिल्डिंगांमध्येही माणसंच राहतात आणि टँकरचे दर त्यांना विचारा. पण एप्रिल-मेमध्ये आमच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर बायका झऱ्याशी हंडे लावून बसलेल्या असतात, वाटीने पाणी भरत. ‘ड्यून’मध्ये हर्बर्टला हे बरोब्बर कळलं होतं. साम्राज्याला मसाला हवा आणि तिथल्या माणसाला पाणी. एकाच जमिनीवर दोन वेगळ्या वस्तू मौल्यवान असतात, आणि कुठली मौल्यवान ते कुणाला विचारलं यावर ठरतं.

मराठी माणसांनी असं काही केलंच नाही असंही नाही. ‘तुंबाड’ घ्या. २०१८ मध्ये फार चालला नाही, २०२४ मध्ये परत आला तेव्हा आपल्याच वयाच्या पोरांनी हाउसफुल्ल केला. त्यातलं सोनं मला व्हायब्रेनियमपेक्षा जास्त खरं वाटतं, कारण राही अनिल बर्वेने ते मिळवायचे कष्ट दाखवले. दोर, विहीर, पिठाचं रिंगण, पिठाची बाहुली, आणि हस्तरच्या लंगोटीतून पडलेली चार नाणी. हस्तरला सोन्याची भूक नाहीच, त्याला धान्य हवंय. पीठ द्या, सोनं न्या. ते बघताना मला सारखा आमच्याकडचा लग्नाचा चौक दिसत होता. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला, मधोमध पालघाट देवी. पांढऱ्यासाठी दुसरं काही नाही, तांदळाचं पीठ आणि पाणी, थोडा डिंक. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंनी तेच पीठ लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणलं. १९८९ मध्ये ते पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या प्रदर्शनात लागलं. २०११ मध्ये पद्मश्री आली. आज मुंबईतल्या कॉफी शॉपच्या भिंतीवर अ‍ॅक्रेलिकची तारप्याची रांग दिसते तेव्हा मी मुद्दाम विचारते की कुणी काढली. बहुतेक वेळा उत्तर येतं, “इंटेरियरवाल्याने.” असो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि माझ्या एडिटरने शब्दमर्यादा दिलीय.

तर मुद्दा असा की तक्रार करण्यापेक्षा कुणीतरी लिहायला पाहिजे, म्हणून मी माझ्या एका मैत्रिणीच्या मागे लागले. ती तलासरीची, वारली, एम. एस्सी. करतेय आणि माझ्यापेक्षा जास्त मार्व्हल बघते. नोव्हेंबर २०१८ मध्ये धुंदलवाडीच्या आसपास जमीन हलायला लागली तेव्हा ती शाळेत होती. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ चा धक्का बसला. किती तरी रात्री त्या लोकांनी घराबाहेर, सरकारने दिलेल्या तंबूंत काढल्या. शास्त्रज्ञ यंत्रं घेऊन आले. अशा छोट्या-छोट्या धक्क्यांच्या मालिकेला ‘स्वार्म’ म्हणतात, पावसाचं पाणी खडकांच्या भेगांत मुरून दाब वाढतो हे त्यामागचं एक कारण सांगतात, हे सगळं तिला तेव्हाच कळलं. ती म्हणते, भूगर्भशास्त्र मी पुस्तकातून नाही, गादीतून शिकले.

तिने गोष्ट लिहायला घेतली. साल २०६१. धुंदलवाडीच्या खाली एक खनिज सापडतं. धक्के त्याचेच होते. त्याच्याजवळ गेलं की तारप्यासारखा आवाज येतो. (ही कल्पना ऐकून मला तिचा हेवा वाटला, हे इथे कबूल करते.) कंपनी येते, ड्रोन येतात, मंत्री येतात. पण तालुका पाचव्या अनुसूचीतला, पेसा लागू, त्यामुळे ग्रामसभा घ्यावीच लागते. मांडव घातला जातो, खुर्च्या लावल्या जातात, साहेब लोक गाडीतून उतरून बसतात. आणि समोर माणसंच नाहीत. अर्धे वीटभट्टीवर गेलेत, काही उंबरगाव-वापीच्या कंपन्यांत शिफ्टला, काही गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. कोरम भरत नाही. जगातलं सर्वात दुर्मीळ खनिज पायाखाली गुणगुणतंय, आणि सगळे घड्याळाकडे बघत बसलेत.

तिथे ती अडकलीय. काल रात्री तिचा फोन आला. मला वाटलं क्लायमॅक्स सुचला असेल. ती म्हणाली, “अगं, तू पत्रकार ना? कोरम नसला आणि सभा तहकूब केली, तर पुढची तीच सभा किती दिवसांनी घेता येते? आणि तेव्हा कोरम लागतो का? बघून सांग ना. नाहीतर माझी पुढची गोष्टच खोटी पडेल.”

मी पंचायत समितीत एकाला फोन लावलाय. तो म्हणाला, साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी करा.